मुंबईची अफू आणि दोन किनाऱ्यांचे कायदे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून चीनला जाणाऱ्या मालात कापूस आणि अफू या दोन जिनसा सर्वांत महत्त्वाच्या होत्या. त्यांपैकी अफूला चीनमध्ये बंदी होती. युंगचेंग बादशहाने १७२९ सालीच ओढण्याच्या अफूची विक्री हा गुन्हा ठरवला होता आणि शतक संपेपर्यंत आयातीवरही बंदी आली होती. तरीही हा व्यापार वाढत गेला, आणि तो करणाऱ्या चीनबाहेरच्या बहुतेक व्यापाऱ्यांनी आपापल्या सरकारचा एकही कायदा मोडला नाही.

याची घडी ईस्ट इंडिया कंपनीने बसवली. १७७३ मध्ये तिने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता हाती घेतला. कंपनीला चीनचा चहा हवा होता आणि तो व्यापार धोक्यात येऊ द्यायचा नव्हता. म्हणून अफू कलकत्त्यात लिलावाने विकायची आणि पुढची वाहतूक खासगी जहाजांवर सोडायची, असे ठरले. चीनमधल्या कॅन्टन बंदराच्या अधिकाऱ्यांनी विचारणा केली, तर आमच्या जहाजांत अफू नाही असे कंपनी सांगू शकत होती. हे उत्तर कागदोपत्री खरे होते. प्रामाणिक मात्र मुळीच नव्हते.

माळव्यातली अफू या मक्त्याबाहेर राहिली. ती शिंदे-होळकरांच्या मुलुखात पिकत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने तिला मुंबई बंदर बंद केले, तेव्हा माल पोर्तुगीजांच्या दमणमधून जाऊ लागला. १८१८ नंतर माळव्यावर इंग्रजांची पकड बसली, पण खरेदी करून पाहिली, संस्थानिकांशी करार करून पाहिले, तरी माल थांबेना. अखेर १८३१ च्या सुमारास परवान्याची पद्धत आली. पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यायचा आणि माल उघडपणे मुंबईला आणायचा. तरीही दमणची वाट चालूच राहिली, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर उतरवला. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडून जाणारी आडवाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत दर ४०० रुपयांवर गेला. दर ठरवताना चीनमधल्या बंदीचा विचार कधीच झाला नाही. आडवाट सरकारी वाटेपेक्षा किती स्वस्त पडते, एवढेच पाहिले गेले.

या व्यापारात मुंबईच्या पेढ्या मोठ्या झाल्या. त्यांत अग्रभागी होते जमशेटजी जीजीभाई. मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान समाजातले महंमद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया हे त्यांचे सहकारी. कॅन्टनला त्यांचा माल जार्डिन मॅथेसन ही पेढी पाहत असे. त्या कमाईतून मुंबईला रुग्णालय मिळाले, कलाशाळा मिळाली, माहीमचा बांधरस्ता मिळाला. या देणग्यांचे मोल कमी नाही, पण पैसा कुठून आला हे लपवण्याचेही कारण नाही. दोष एकट्या जमशेटजींवर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ करणारे सरकार त्याच पेट्यांवर महसूल घेत होते.

मुंबईत पेटीबरोबर परवाना असे, जकातीची पावती असे. पर्ल नदीच्या मुखाशी लिंतिन बेटाजवळ पोहोचली की तीच पेटी चोरटा माल ठरे. तिथे जुनी जहाजे कायमची नांगरून तरती गोदामे केली होती. चिनी दलाल कॅन्टनमध्ये चांदी भरून चिठ्ठी घेई, ती लिंतिनला दाखवून माल उचली आणि अनेक वल्ह्यांच्या वेगवान होड्यांतून रात्री किनाऱ्यावर नेई. परदेशी व्यापाऱ्याला अफूला हातही लावावा लागत नसे. वाटेतल्या अधिकाऱ्यांचा हप्ता ठरलेला होता.

मार्च १८३९ मध्ये बादशहाचा आयुक्त लिन झेशू कॅन्टनला आला. त्याने वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये हूमेनला खड्डे खणून मीठ, पाणी व चुना घालून तो माल नासवला. समुद्रात सोडण्यापूर्वी त्याने समुद्रदेवतेची क्षमा मागितली. आपल्या लोकांना ज्याने अपाय होईल ते दुसऱ्यांकडे पाठवणे कोणत्या न्यायात बसते, असे त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्रात विचारले. पण ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट याने पेट्या स्वाधीन करवताना त्यांच्या किमतीची हमी आपल्या सरकारच्या नावाने दिली होती. त्यामुळे तस्करीचा माल एका राष्ट्राचे येणे होऊन बसला. युद्ध झाले, आणि १८४२ च्या नानकिंग तहात चीनवर २ कोटी १० लाख डॉलरची खंडणी लादली गेली. त्यातले ६० लाख अफूच्या भरपाईपोटी होते. १८५८ मध्ये आयातच कायदेशीर करून घेण्यात आली.

हा धंदा नाकारणारेही होते. कॅन्टनमधल्या ऑलिफंट या अमेरिकन पेढीने अफूला स्पर्श केला नाही. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा यांच्या पेढीत भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू आणि दारूचा नफा त्यांना मान्य नव्हता, म्हणून ते तीनेक वर्षांत बाहेर पडले. पुढे भारताच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना, इंग्लंडला जाणाऱ्या संपत्तीचा भार अफूच्या रूपाने चिनी जनतेवरही पडतो, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

१८७४ पासून इंग्लंडमध्ये अफूविरोधी संस्था काम करू लागली. १९०७ च्या कराराने भारतातून चीनला जाणारी अफू दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरले. १९१२ च्या हेग करारात एक कलम आले: ज्या देशाने कच्च्या अफूची आयात बंद केली असेल, तिथे ती जाऊ न देण्याची जबाबदारी निर्यात करणाऱ्या देशाची.