तळटीप : सिसप्लॅटिन

मूळ मजकुरात सिसप्लॅटिनला ‘प्लॅटिनमचे विष’ म्हटले आहे. हे वर्णन अपुरे वाटते. गुण नुसत्या धातूत असता, तर तेच अणू असलेले ट्रान्सप्लॅटिनही कर्करोगावर चालले असते. सिसप्लॅटिनमध्ये दोन्ही क्लोराइड शेजारी असतात. पेशीत क्लोराइड रक्तापेक्षा बरेच कमी, म्हणून तिथे त्यांची जागा पाणी घेते. मग प्लॅटिनम डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतच्या दोन ग्वानिनांचे सातव्या क्रमांकाचे नायट्रोजन पकडून सर्पिल वाकवते. क्लोराइड समोरासमोर असलेल्या ट्रान्सप्लॅटिनला ही पकड साधत नाही. पेशीतल्या प्लॅटिनमचा अगदी थोडा अंशच डीएनएला लागतो, बराचसा प्रथिनांना चिकटतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही डीएनएची दुरुस्ती करण्यात दुबळ्या पेशी याच औषधाला लवकर बळी पडतात. निर्णायक घाव तिथलाच मानावा लागतो.