धूळवाफेची पेरणी

 

मंडळी, मी गगनबावड्यात उभा आहे आणि पावसाविषयी तुम्हाला सांगू लागलो, तर तुम्ही हसाल. करूळचा घाट, भुईबावड्याचा घाट चढून कोकणातला ढग पहिल्यांदा शिरतो तो तुमच्याच अंगणात. पण मला पावसाचं बोलायचं नाही. पावसाच्या आधीचं बोलायचं आहे. धूळवाफेची पेरणी तुम्ही करता की नाही? मे महिना संपत आलेला असतो, रान नांगरून, ढेकळं फोडून ठेवलेलं असतं, पाय टाकला की फुफाटा उडतो, आणि त्या कोरड्या मातीत तुम्ही कुरीनं भात पेरता. वर बघावं तर ढगाचा पत्ता नाही. मुंग्या आहेत, पाखरं आहेत. परगावचा माणूस विचारील, अहो, बी वाया घालवताय का? तुम्ही काय म्हणाल? पाऊस आल्यावर पेरायला गेलं तर वाफसा मिळत नाही, म्हणून आधी पेरायचं.

बरं का मंडळी, संजीवनासाठी प्रार्थना करणं म्हणजे ही धूळवाफेची पेरणी आहे. आजचं निरूपण एवढंच. प्रभूनं त्या विधवेचा दाखला दिला. न्यायाधीश बेपर्वा, पण बाई त्याच्या दारात जायची थांबली नाही. लूकच्या अठराव्या अध्यायात आरंभालाच सांगितलंय, की हा दाखला खचून न जाता सतत प्रार्थना करावी म्हणून आहे. एलीयानं कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोकं घातलं आणि चाकराला समुद्राकडं बघायला धाडलं. सहा वेळा चाकर रिकामा परत आला. सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला. आपण बहुतेक जण तिसऱ्या खेपेलाच घरी जातो.

आता आख्यानाकडं वळू. शास्त्रातल्या नव्हे, आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईचं हे आख्यान आहे.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. आईबापांची छत्रछाया दुष्काळाच्या दिवसांत हरपली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढं पुण्याला नेलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन होती, तिथं त्यांना ठेवलं. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानं आणखी मुली आल्या. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, सगळं उभं राहिलं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, देवानं पुष्कळ दिलं, आता बसावं. बाईंचं मन बसेना. मुली उपासनेला येतात, वचन पाठ म्हणतात, पण अंतःकरण पालटलंय का, ही त्यांची टोचणी. ऑस्ट्रेलियात मोठी जागृती झाल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांनी मनोरमेला मिनी अब्राम्स या मिशनरी बाईंबरोबर तिकडं पाठवलं, की जा, ती माणसं कशी प्रार्थना करतात ते बघून ये. पुढं वेल्समधल्या संजीवनाची बातमीही आली. आणि जानेवारी १९०५ मध्ये केडगावात एक प्रार्थनामंडळ सुरू झालं. रोज सकाळी सुमारे सत्तर जणी बसू लागल्या.

त्यांची मागणी काय होती, ते नीट ऐका. सगळ्या हिंदी ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आम्हीही त्यांतच धरून. आणि देशोदेशीच्या मंडळ्यांवर पवित्र आत्म्याची वृष्टी व्हावी. आम्हीही त्यांतच धरून! इथं आख्यानाची गाठ आहे. आपण प्रार्थनेत म्हणतो, प्रभू, पलीकडच्या बाकावरच्या भावाला जागं कर. रमाबाईंनी स्वतःचं नाव आधी मांडलं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, उन्हाळा तापला. बाहेरून दिसण्यासारखं एवढंच, की बसणाऱ्या वाढत होत्या. जूनपर्यंत सत्तरांच्या पाचशेवर झाल्या. तेव्हा बाईंनी विचारलं, शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस जणी उठल्या. त्या रोज एकत्र बसून सामर्थ्य मागू लागल्या.

मग २९ जूनची पहाट. साधारण तीनचा सुमार. एका मुलीला जाग आली आणि पवित्र आत्म्याचा अग्नी तिला जाणवला. शेजारच्या मुलीला वाटलं हिला खरीच आग लागली, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की हिला भाजलेलं नाही. मिनी अब्राम्स यांनी हे लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत रीतीनं योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या, आणि मुली मोठ्यानं रडून प्रार्थना करू लागल्या, इतकी की बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

आता मंडळी, बादलीची गोष्ट घरी जाऊन सांगाल, सांगा. पण बादलीवर थांबू नका. त्या मुली रडल्या त्या आपल्या पापांसाठी. चोरलं होतं ते कबूल केलं, खोटं बोललो होतो ते सांगितलं. आधी पश्चात्ताप, मग आनंद, आणि मग त्यांच्या टोळ्या खेड्यांत वचन सांगायला निघाल्या. आवाज एखाद्या दिवसाचा असतो. कोंब फुटला की नाही, हे नंतर कळतं.

कोणी म्हणेल, केडगाव लांब आहे. मग कोल्हापूरचंच सांगतो. १८५२ साली रॉयल वायल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले. शाळा काढल्या, उपदेश केला. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढं प्रकृती ढासळली आणि वायल्डर कुटुंबासह अमेरिकेत प्रिन्स्टनला परतले. तिथं रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस प्रार्थना करू लागले, की देवाच्या कामासाठी परदेशी जायला विद्यार्थ्यांमधून हजार जण उठावेत. जुलै १८८६ मध्ये माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. ग्रेसनं भावाला आधीच सांगितलं होतं, तिथं शंभर जण निघतील. शिबिराच्या शेवटी बरोबर शंभर झाले. कोल्हापुरात पेरलं, उगवलं सातासमुद्रांपार! रॉयल वायल्डर दुसऱ्याच वर्षी वारले. पुढं ग्रेस आईला घेऊन पुन्हा याच मुलखात सेवेला आली. उत्तर आपल्याच वाफ्यात उगवेल, असा करार देवानं कोणाशी केलेला नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, मग थांबतो. आमच्या गावी दर शुक्रवारी आम्ही संजीवनासाठी बसायचो. सुरुवातीला वीस जण, मग दहा, मग चार. मी त्या चारांतला, आणि त्याचा मला ताठा होता. आणि त्याच काळात माझ्या सख्ख्या भावाशी बांधावरून माझं सात वर्षं बोलणं नव्हतं. रमाबाईंची ती ओळ, ‘आम्हीही त्यांतच धरून’, एका शुक्रवारी मला अशी लागली, की तोंडातून प्रार्थना निघेना. उठलो, भावाच्या दारात गेलो. वहिनींनी चहा केला. दोघंही फारसं बोललो नाही. बांधाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. पण त्या रात्री सात वर्षांत पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली. मंडळीत काही पाऊस पडला नाही. आम्ही अजून चारच आहोत, आता पाचवा माझा भाऊ.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडं गेल्या. मनोरमा त्यांच्याआधी वर्षभरच गेली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, ते संपूर्ण ग्रंथ होऊन लोकांच्या हाती आलं १९२४ साली, बाई गेल्यावर. पेरणारीनं तो ग्रंथ हाती धरलेला पाहिला नाही, पण पेरायचं थांबवलं नाही.

म्हणून प्रियजनहो, तुम्ही इथं थोडे आहात, दोघं-तिघं असाल, तरी बसा. रोज बसा. आभाळाकडं बघून पेरू नका, देणाऱ्याच्या वचनाकडं बघून पेरा. आणि पेरताना पहिलं तास आपल्याच काळजातून काढा.

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो! आमेन.