वैरागच्या शेजारचे तगर

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर आज मोठे खेडे म्हणूनच ओळखले जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मात्र त्याचे नाव तगर होते आणि तांबड्या समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांनाही ते ठाऊक होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातील वैरागपासून हे ठिकाण साठेक किलोमीटरवर आहे. वैरागमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने शनिवारी सकाळी मित्राला सोबत घेऊन एसटी पकडली, तर पहिल्या दिवशी धाराशिवची लेणी आणि दुसऱ्या दिवशी तेरचे संग्रहालय, जुनी देवळे आणि पांढरीची टेकाडे निवांत पाहून रविवारी संध्याकाळी तो घरी परततो. इतक्या जवळ इतके जुने शहर महाराष्ट्रात फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे.

वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवताली भोगावती नदीच्या परिसरातली काळी जमीन आणि तिच्यात ज्वारी, तूर, हरभरा ही पिके. गावाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर जिल्ह्याची हद्द लागते. आज ती ओलांडताना रस्त्याकडेच्या पाटीखेरीज काही जाणवत नाही, पण १९५६ पर्यंत हीच दोन राज्यांमधली सीमा होती. बार्शी तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता, तर धाराशिव आणि तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे गेला होता. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला आणि सीमा पुन्हा पहिल्या जागी आली. संस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात सोलापूर जिल्ह्याच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली. सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोन राज्यांमधली ही सीमा कायमची पुसली गेली. इंग्रजी मुलखातल्या संशोधकांचे तेरकडे बराच काळ लक्ष गेले नाही, त्याला हे वेगळे राज्यही काही अंशी कारण असावे.

तगर नावाचे शहर कुठेतरी होते, हे विद्वानांना आधीपासून माहीत होते. ते नेमके कुठे होते, एवढेच कळत नव्हते. कोणी त्याची जागा देवगिरीला दाखवली. भगवानलाल इंद्रजींच्या मते ते जुन्नर होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर, असे मांडले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी तिथले अवशेष पाहून सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि वाद जवळजवळ मिटला. फ्लीट यांचा युक्तिवाद तीन गोष्टींवर उभा होता: नावाचा उच्चार, पैठणपासूनचे अंतर आणि जुन्या लेखांतले उल्लेख. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ.स. ६१२ च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे धनी म्हणवून घेत. हे शहर प्रत्यक्षात त्यांच्या ताब्यात नव्हते, तरीही आपला मूळ ठाव म्हणून त्याचे नाव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बिरुदात जपले. एखाद्या गावाची पत किती टिकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणे कठीण आहे.

तगरचे सर्वांत मोलाचे वर्णन मात्र परक्या माणसाने लिहिलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. तिचे नाव ‘पेरिप्लस’. लेखकाचे नाव कोणाला माहीत नाही. त्याने बंदर, वारा, माल, भाव आणि धोके यांची नोंद एखाद्या हिशेबी माणसासारखी केली आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून भडोचला नेत. वाटेत चांगले रस्ते नसलेले मोठे मोठे पट्टे लागत. समुद्रकिनाऱ्यावरचा मालही तगरला येऊन पुढे जाई, असेही तो नमूद करतो.

कापूस आणि कापड घेऊन निघालेल्या बैलगाड्या तेरहून जवळच्या कोकणपट्टीवर न उतरता गुजरातेतल्या भडोचपर्यंत का जात असतील? याचेही उत्तर त्याच पुस्तिकेत आहे. कल्याण हे आधी खुले बंदर होते, पण नंतर तिथे अडवणूक सुरू झाली आणि तिकडे भरकटलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप या दोन सत्तांच्या भांडणाचा हा काळ. सत्ताधाऱ्यांच्या वैराचा भार शेवटी गाडीवानांवर आणि बैलांवर पडला आणि त्यांची वाट कित्येक दिवसांनी लांबली. भडोचहून माल जहाजात चढे. मोसमी वाऱ्यांचा अंदाज घेऊन जहाजे तांबड्या समुद्राकडे निघत. मायोस होर्मोस किंवा बेरेनिके या इजिप्तच्या बंदरांत माल उतरे, उंटांवरून नाईल नदीपर्यंत जाई आणि तिथून रोमला पोहोचे. भारताशी चालणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात करून ठेवली आहे. या रकमेत तेरच्या मलमलीचा वाटा किती होता, हे मोजता येणार नाही. वाटा होता, एवढे मात्र नक्की.

तेर गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. माणसांची वस्ती शेकडो वर्षे एकाच जागी राहिली की घरांची माती, राख, खापऱ्या आणि विटा एकावर एक साचतात आणि जमीन उंच होत जाते. काळ्या शेतांच्या मधोमध राखाडी-पांढरा उंचवटा दिसला, की तिथे जुने गाव होते हे शेतकरी ओळखतो. तेरच्या टेकाडांवर पाऊस पडून माती धुपली की मणी, बांगड्यांचे तुकडे आणि नाणी वर येत. गावकऱ्यांना हे पूर्वीपासून माहीत होते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी असल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या, विकत घेतल्या आणि जपल्या. त्यांच्याकडे हजारो वस्तू जमल्या. त्यातूनच आजचे तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९५८ मध्ये संशोधक चापेकर यांनी इथे शास्त्रीय उत्खनन केले. त्यानंतर १९६० आणि १९७० च्या दशकांतही इथे उत्खनने झाली. तरीही तेरचा इतिहास मुळात एका गावकऱ्याच्या चिकाटीने वाचला, हे मान्य करायला हवे.

या संग्रहालयात वेळ घालवावा असे बरेच आहे. सातवाहनांची नाणी आहेत. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्या आहेत आणि त्यांची केशरचना, कर्णभूषणे आणि चेहऱ्यावरचे हसू स्पष्ट दिसते. शंखाच्या बांगड्या आहेत. दोन्ही बाजूंचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना इथे शंख येत होते, याचा अर्थ ‘पेरिप्लस’मधला किनाऱ्यावरच्या मालाचा उल्लेख खरा होता. रोमन नाण्यांचे मातीत उठवलेले ठसे आहेत. ते गळ्यात घालता यावेत म्हणून त्यांना छिद्र किंवा कडी ठेवलेली आहे. सम्राटाचे डोके कोरलेले परदेशी नाणे तेरच्या बाजारात एवढे ओळखीचे झाले होते, की त्याची मातीची नक्कल दागिना म्हणून वापरली गेली.

सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे ती हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती. तिच्या अंगावर भरपूर दागिने आहेत आणि माथ्यावरून आत गेलेले छिद्र आहे. आरशाच्या मुठीचा किंवा एखाद्या लहान आसनाच्या पायाचा ती भाग असावी, असे अभ्यासक मानतात. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची मूर्ती या दोन्ही तिच्याशी विलक्षण जुळतात. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच इटलीत पोहोचलेली होती आणि तिची घडण मराठवाड्यातल्या कारागिरांच्या हातून झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

एक गोष्ट मात्र या संग्रहालयात दिसत नाही आणि ती दिसण्याची आशाही नाही: कापड. तगरचे नाव ज्या मालामुळे झाले, त्याचा एक धागाही मातीत टिकला नाही. दगड, शंख, हस्तिदंत आणि भाजलेली माती टिकली म्हणून त्याच वस्तू आपल्या नजरेत भरतात. खरी संपत्ती होती ती शेतात पिकणाऱ्या कापसात, घरोघरी कातलेल्या सुतात आणि मागावर विणलेल्या ठाणांत. ज्या गावांनी हा कापूस पिकवला, त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. वैरागच्या पट्ट्यातली काळी जमीनही याच टापूतली आहे. म्हणून तगरचा इतिहास पाहताना एवढ्या एका टेकाडापुरता विचार करून चालत नाही. भोवतालच्या पन्नास-साठ किलोमीटरचा मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागतो.

देवळांपैकी त्रिविक्रमाचे मंदिर आवर्जून पाहावे. त्याचा मागचा भाग गोलाकार आहे आणि वरचे छप्पर विटांच्या कमानीचे, गजपृष्ठ आकाराचे. हा आकार बौद्ध चैत्यगृहाचा. कार्ले आणि भाजे इथे डोंगरात कोरलेला आकार इथे विटांनी बांधलेला दिसतो. आंध्रातल्या चेझर्ला इथेही असेच एक मंदिर आहे. अशी उभी वास्तू देशात क्वचितच राहिली आहे. कझिन्स यांनीही तिला मूळचे चैत्यगृह मानले होते. पुढे आत त्रिविक्रमाची मूर्ती आली, पुढच्या बाजूला मंडप बांधला गेला आणि पूजा चालू राहिली. पूजा चालू राहिली म्हणूनच इमारत वाचली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. उत्तरेश्वर हे दुसरे विटांचे मंदिर. त्याची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात ठेवली आहे. तेरच्या काही विटा इतक्या हलक्या आणि सच्छिद्र आहेत, की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून भाजताना तो जळून जाई आणि आत पोकळ्या राहत, म्हणून हे वजन कमी. छपराचा भार घटवण्यासाठी गवंड्यांनी केलेली ती युक्ती होती.

धाराशिवची लेणी शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात आहेत. त्यातले मोठे लेणे म्हणजे प्रशस्त मंडप, कडेने कोठड्या आणि गाभाऱ्यात पार्श्वनाथांची मूर्ती. लेण्याची रचना अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते. त्यामुळे ही लेणी आधी बौद्ध होती आणि नंतर जैन झाली, की मुळातच जैन होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची आणि तेरपुराची कथा आली आहे. तेरमध्येही जुने जैन मंदिर आहे. बौद्ध, जैन, वैष्णव आणि शैव या चारही परंपरांच्या खुणा एका दिवसाच्या चालीत दिसतात.

रोमशी चालणारा व्यापार आटल्यावर तगरचा पहिला बहर ओसरला, पण गाव ओस पडले नाही. तेराव्या शतकात तेर पुन्हा महाराष्ट्राला माहीत झाले ते संत गोरा कुंभारांमुळे. नामदेव आणि ज्ञानेश्वर यांच्या समकालीन असलेल्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा घरोघरी माहीत आहे. परंपरेप्रमाणे १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी तेरमध्ये समाधी घेतली. तेरणाकाठच्या त्यांच्या समाधिमंदिरात चैत्रात मोठी यात्रा भरते. तेरमधली माती दोन हजार वर्षांपूर्वी बाहुल्यांच्या साच्यात गेली आणि सातशे वर्षांपूर्वी गोरोबांच्या चाकावर आली. कुंभारकामाचा धागा या गावात तुटलेला दिसत नाही.

तेरला जाणाऱ्याने आधी संग्रहालय पाहावे आणि मग टेकाडांकडे जावे. आधी वस्तू पाहिलेल्या असल्या की पायाखालच्या खापऱ्या बोलू लागतात. टेकाडावर मणी, नाणे किंवा बाहुलीचा तुकडा दिसला तर तो खिशात घालू नये. वस्तू जिथे सापडली ती जागा हा पुराव्याचा अर्धा भाग असतो, आणि ती जागा एकदा हरवली की वस्तू नुसती शोभेची उरते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वैरागच्या किंवा आसपासच्या कुठल्याही शेतात नांगराच्या फाळाला असे काही लागले, तर ते तसेच ठेवून तहसील कार्यालयाला किंवा तेरच्या संग्रहालयाला कळवावे.