पाऊण इंचाचा फरक

हेवी मेटलच्या जन्माची गोष्ट सहसा एका अपघातापासून सुरू होते. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ आणि तो जडशीळ आवाज. मला मात्र या गोष्टीत मधलाच भाग गाळल्यासारखा वाटतो. तुटलेली बोटं आणि तो आवाज यांच्यामध्ये तारेचा ताण आहे.

तारेचं गणित जुनं. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली ते छापलं: सूर ठरतो तो तारेची लांबी, ताण आणि वजन यांवर. गिटारवर ही लांबी म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतचं अंतर, अर्थात स्केल लेंग्थ. तार तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फेंडरनं १९५० पासून आपल्या इलेक्ट्रिक गिटारी साडेपंचवीस इंचांच्या केल्या. गिबसनचं माप कागदोपत्री पावणेपंचवीस. फरक पाऊण इंचाचा, म्हणजे लांबीत तीन टक्के. ताणात मात्र सहा टक्के. म्हणून एकाच जाडीच्या तारा गिबसनवर बोटाला मऊ लागतात आणि खेचायला सोप्या जातात. फेंडरच्या टणत्कारात या जास्तीच्या ताणाचाही वाटा आहे.

आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा झेपेनात आणि गिटारच्या हलक्या तारा तेव्हा सहज मिळत नव्हत्या. मग त्यानं बँजोच्या तारा चढवल्या. १९६९ मध्ये पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू असताना त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडला आणि जोडीला आणलेली गिबसन एसजी हाती आली. आखूड लांबी अशी योगायोगानं मिळाली, पण ती टिकली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधल्या काही गाण्यांत त्यानं गिटार पेटीच्या हिशेबानं तीन पट्ट्या खाली लावली. एवढ्यानं ताण २९ टक्के उतरतो. त्यात आखूड लांबी मिळवली, तर नेहमीच्या सुरात लावलेल्या फेंडरच्या तुलनेत, त्याच तारांवर, जेमतेम दोन तृतीयांश ताण उरतो.

याची किंमतही असते. सैल तार पडद्यांवर खडखडते, जोरात छेडली की क्षणभर चढी वाजते. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी त्याहून खालचा सूर धरताना उलटी वाट घेतली: जाड तारा, सत्तावीस इंचांच्या बॅरिटोन गिटारी. त्यांना खाली जाऊनही ताण आणि रेखीवपणा हवा होता. आयोमीला ताण कमीच करायचा होता.

तारांचा संच कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की म्हणूनच मी आधी गिटारची लांबी आणि सूर विचारतो. जाडीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. अपघाताच्या गोष्टीचंही तसंच आहे. यंत्रानं फक्त बोटं नेली. आवाज घडवला तो पुढची सहा वर्षं एकेक करून ताण उतरवत गेलेल्या माणसानं.