जकार्डचे पुठ्ठे आणि यूईएफआय

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावरचे छिद्रांचे पुठ्ठे ठरवतात. पुठ्ठ्यांचा क्रम चुकला तरी माग थांबत नाही. चूक दिसते ती कापडावर. लिनक्स बसवणाऱ्यांची फसगत अशाच प्रकारची.

१९८१ च्या आयबीएम पीसीतील बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचून कारभार त्याच्या हाती सोपवी. इंटेलने इटॅनियमसाठी घडवलेली ईएफआय २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे गेली. ती वेगळ्या पार्टिशनमधली फाइल शोधते. पुढे अनेक वर्षे एकाच संगणकात दोन्ही पद्धती नांदल्या, आणि घोळ तिथेच झाला. पेनड्राइव्ह जुन्या, लेगसी पद्धतीने सुरू झाला तरी लिनक्स बिनतक्रार बसते. नंतर यूईएफआयवरचे विंडोज तेवढे उघडते, लिनक्स गायब! घाबरून डिस्क पुसण्याचे मात्र कारण नसते.

इन्स्टॉलर सुरू होताच ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते पाहावे. नसेल, तर तिथेच थांबून बूट मेनूतून पेनड्राइव्हची ‘यूईएफआय’ नोंद निवडावी.