सहा ठिपक्यांची लिपी आणि स्वावलंबनाची वाट : दृष्टिहीनांचे शिक्षण व दैनंदिन जीवन

दृष्टिहीन व्यक्ती समोर आली की आपल्या मनात प्रथम दया उभी राहते. आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो, सणासुदीला भेटवस्तू देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. मात्र त्या व्यक्तीला वाचता येते काय, तिचे शिक्षण कोठवर झाले, आपले पत्र ती स्वतः वाचते की दुसऱ्याकडून वाचून घेते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यांचे शिक्षण कसे होते, त्यांचा दिवस कसा जातो आणि धर्मग्राम म्हणून आपला त्यात वाटा कोणता, याची माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

अंधत्व म्हणजे काय?

अंधत्व म्हणजे संपूर्ण काळोख, ही समजूत बरोबर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा किंवा अन्य उपाय करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती अंध गणली जाते. सर्वसाधारण माणसाला जे ६० मीटरवरून दिसते, ते तिला ३ मीटरवरूनही नीट दिसत नाही. दृष्टीचे क्षेत्र १० अंशांहून कमी असले तरी तिचा समावेश याच व्याख्येत होतो. याहून बरी, पण तरीही अपुरी असलेल्या दृष्टीस 'अल्पदृष्टी' असे म्हणतात.

त्यामुळे पांढरी काठी घेतलेल्या एखाद्या व्यक्तीला उजेड, रंग किंवा समोरचा चेहरा अंधुक दिसत असू शकतो. 'दिसते तर मग काठी कशाला?' असा संशय घेणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर, आणि मधुमेह असल्यास दरवर्षी, नेत्रतपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

लुई ब्रेल आणि त्यांची लिपी

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कुपव्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर बनवीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असता अणकुचीदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले. पुढे जखम चिघळून दुसराही डोळा गेला. गावचे धर्मगुरू आबे पालुई यांनी या मुलाला जवळ घेऊन शिकविले. वयाच्या दहाव्या वर्षी, १८१९ साली, तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंतिन हाउई यांनी १७८५ साली स्थापन केली होती. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावदार केलेली असत. पुस्तके अवजड होती, एकेक अक्षर चाचपण्यात फार वेळ जाई आणि मुलांना तसे स्वतः लिहिता येत नसे. डोळ्यांसाठी घडलेले अक्षर बोटांवर लादले गेले होते. पुढे शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तिच्यात सुधारणा करून पंधरा वर्षांच्या लुईने १८२४ साली सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. सहा ठिपके बोटाच्या एकाच स्पर्शात मावतात आणि त्यांच्या ६३ वेगवेगळ्या रचना होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीताचे स्वर, सारे त्यांत बसते. १८२९ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. स्वतः ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी सेवा केली.

असे असूनही १८४० नंतर शाळेच्या नव्या संचालकांनी या लिपीस मनाई केली. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, असा आक्षेप होता. विद्यार्थी मात्र गुपचूप तीच लिपी वापरत राहिले, कारण तिच्यात त्यांना लिहिता येत होते. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्सने या लिपीला मान्यता दिली. अंधांसाठी काय योग्य हे त्यांना न विचारता डोळसांनी ठरविले, तर काय होते, याचा हा बोलका दाखला आहे.

मराठी ब्रेल

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान पद्धत स्वीकारण्यात आली. तिच्यात उच्चारानुसार ठिपके ठरतात. म्हणून मराठीतील 'क' आणि इंग्रजीतील 'के' यांचे ठिपके सारखेच आहेत. आपल्या 'ळ'लाही तिच्यात स्वतंत्र स्थान आहे. काना-मात्रा अक्षराला चिकटत नाहीत; त्या जागी पूर्ण स्वर लिहितात. छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ' येतो, म्हणजे उच्चाराचाच क्रम राहतो.

हाताने लिहिताना ब्रेल पाटीत जाड कागद अडकवून टोकदार लेखणीने ठिपके टोचतात. ठिपके कागदाच्या मागल्या बाजूस उमटत असल्याने लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. गणितासाठी टेलर फ्रेम नावाची पाटी व मणिचौकट वापरतात.

आज भ्रमणध्वनी मजकूर वाचून दाखवीत असता ब्रेल कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. ऐकण्याने माहिती मिळते. पण शुद्धलेखन, परिच्छेदाची मांडणी, गणिताची पायरी हे बोटांखाली यावे लागते. डोळस मुलाला केवळ गोष्टी ऐकवून आपण साक्षर म्हणत नाही. तोच न्याय दृष्टिहीन मुलालाही लागू आहे.

शाळा, परीक्षा व हक्क

भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ साली अ‍ॅनी शार्प या मिशनरी स्त्रीने अमृतसर येथे काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली; तीच पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपास आली. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे 'नॅब', स्थापन झाला. येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचे साधनकेंद्र कार्यरत आहे.

२०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के, तर शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून, नोकऱ्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि दर तासामागे २० मिनिटे अधिक वेळ मिळतो. या साऱ्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. संकोचापोटी ते न काढणारी कुटुंबे मुलाचे हक्क नकळत गमावतात.

संगणक आणि मराठी मजकूर

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीस 'स्क्रीन रीडर' म्हणतात. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केलेली 'एनव्हीडीए' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत अशी सोय मुळातच असते. तिच्या आधारे दृष्टिहीन व्यक्ती पत्रव्यवहार करतात, बँकेचे व्यवहार पाहतात, वृत्तपत्र वाचतात. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० साली 'मनी' नावाचे अ‍ॅप उपलब्ध केले.

परंतु ही आज्ञावली युनिकोडमधील मराठीच नीट वाचू शकते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तिला निरर्थक अक्षरांची जुळणी वाटतो, आणि सूचनापत्रकाचे छायाचित्र पाठविले तर तिला बहुधा काहीच कळत नाही. धर्मग्रामाच्या कितीतरी सूचना आज छायाचित्रांच्या रूपानेच फिरतात. अशा वेळी दृष्टिहीन बंधुभगिनींपर्यंत काहीच पोहोचत नाही.

घरी आणि वाटेवर

घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असली की दृष्टिहीन व्यक्ती स्वयंपाकापासून कपड्यांच्या घडीपर्यंत सर्व कामे करू शकते. वस्तू हलविल्यास तसे सांगावे. दार अर्धे उघडे ठेवू नये. ते पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. ताटातील पदार्थ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगावेत: भात सहावर, भाजी तीनवर.

वाटेत मदत करावयाची झाल्यास प्रथम विचारावे. हात धरून ओढू नये किंवा मागून ढकलू नये. आपला कोपर पुढे करावा. ती व्यक्ती तो धरून अर्धे पाऊल मागे चालते आणि आपल्या हालचालीवरून पायरी, वळण ओळखते. बोलताना आपले नाव सांगावे आणि निघून जाताना तसे कळवावे. सोबतच्या माणसाला 'यांना काय हवे?' असे विचारू नये. प्रश्न त्यांनाच विचारावा.

धर्मग्रामाचे कर्तव्य

यरीहोच्या वाटेवरील बार्तीमयाला लोक गप्प राहण्यास सांगत होते, असे संत मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. प्रभू येशूने त्याला बोलावून घेतले आणि 'तुला काय हवे?' हे त्यालाच विचारले. त्याची गरज डोळ्यांना उघड दिसत असतानाही विचारले. आपल्या सेवेचा आरंभ याच प्रश्नाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मिस्सातील वाचने दिनदर्शिकेनुसार आधीच निश्चित असतात; ती ब्रेलमध्ये वेळेवर तयार करून दिली, तर दृष्टिहीन वाचक वाचनपीठावर उभे राहू शकतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलास कोपऱ्यात न बसविता त्याच्या हाती पुस्तक द्यावे. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांच्या काळात युवकांनी लेखनिक म्हणून नावे नोंदवावीत. धर्मग्रामाच्या सूचना युनिकोड मजकुरातही पाठवाव्यात. आणि ज्या घरी अंध बालक शाळेविना बसले असेल, तेथे जाऊन आईवडिलांना शाळेची व प्रमाणपत्राची माहिती द्यावी. कुपव्रेच्या धर्मगुरूंनी एका मुलासाठी एवढेच केले होते. त्याच्या शिक्षणाची सुरुवात करून दिली होती.