वाड्याचं ताट, मागाचं ताट

नागपूरच्या महाल भागाचा इतिहास सांगायला बसलं, की ठरलेल्या गोष्टी येतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास हे नगर वसवलं, पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी आणली, १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग वाडे, दरवाजे, देवळं, तलाव. पण या वाड्यांत आणि वाड्यांमागच्या बोळांत एखाद्या साध्या मंगळवारी, सण नाही, पाहुणा नाही, अशा दिवशी काय शिजत होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मला तेवढंच विचारायचं आहे.

आता याला पुरावा कुठला? दरबारी मेजवान्यांच्या नोंदी सापडतात, रोजच्या जेवणाच्या नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले, त्यात कोष्ट्यांवर वेगळं प्रकरण आहे, पण त्यांच्या चुलीवर काय रटरटत होतं ते आपल्याला दुसरीकडेच शोधावं लागतं. छापील पाककृतींची पुस्तकं मराठीत तशी लवकर आली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. दोन्ही पुस्तकं मोलाची, पण पश्चिमेकडची. आमच्या भागात उरतात त्या घरोघरच्या वह्या. तेलाचे डाग पडलेल्या, कोपरे दुमडलेल्या, मधेच धोब्याचा हिशेब लिहिलेल्या.

या वह्यांवर तारीख नसते. तरी त्यांचा काळ ओळखता येतो, आणि मला त्यात फार मौज वाटते. ‘दोन आण्यांचा सांबार’ असं लिहिलेलं असेल, तर मजकूर बहुधा १९५७ च्या आधीचा. कारण त्या वर्षीच्या एप्रिलात नवे पैसे आले. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे इतर श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. नाहीतर इडलीबरोबरचं सांबार डोळ्यांसमोर यायचं.) ‘पावशेर डाळ, तोळाभर खसखस’ असं असेल, तर किलो-ग्रॅम घरात शिरायच्या आधीचा, म्हणजे साधारण १९६० च्या आतबाहेरचा. कुठे ‘डालडा’ दिसला, तर १९३७ च्या मागे जाता येत नाही, कारण डालडा बाजारात आला तोच त्या वर्षी. आमच्या घरातल्या वहीत एका पानावर शेर आहे आणि त्याच पानावर वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, ग्रॅम आहेत. सासूनं लिहिलं आणि सुनेनं दुरुस्त केलं, असा माझा तर्क.

त्या वहीतली पहिली पाककृती गोळाभाताची आहे. हरभऱ्याच्या डाळीचं भरड पीठ, त्यात तिखट, मीठ, हळद, तेलाचं मोहन. त्याचे घट्ट गोळे करायचे, भात अर्धामुर्धा शिजला की त्यात ठेवायचे आणि दोन्ही एकत्र वाफवायचं. वाढताना गोळा भातात कुस्करायचा, वरून हिंग-मोहरीची आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी, शेजारी कढी किंवा चिंचेचं सार. वडाभातही याच्याच भावकीतला. तीन-चार डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, वडे तळायचे आणि भातावर चुरायचे.

डाळ आणि भात यांची ही जोडी नागपुरात का जमली, याचं उत्तर मला नकाशात दिसतं. शहराच्या पश्चिमेला वऱ्हाडची काळी माती, ज्वारी आणि कापूस. पूर्वेला भंडाऱ्याकडे वैनगंगेचं खोरं, तळी आणि धान. नागपूर या दोहोंच्या सांध्यावर बसलेलं. म्हणून इथल्या घरात सकाळी भाकर आणि रात्री भात, असा दुहेरी संसार. भोसल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं देऊर. त्यांच्यासोबत सरदार आले, कारकून आले, पुजारी आले, आणि प्रत्येकानं आपापली चव आणली. पण समुद्र इथून दूर, त्यामुळे कोकणातला ओला नारळ इथल्या रोजच्या वाटणात रुजला नाही. आलं ते सुकं खोबरं, बैलगाडीच्या प्रवासात न नासणारं. खसखस आली माळव्याकडून, चारोळी जवळच्याच जंगलातून. सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, एकदा या नजरेनं उकलून पाहा. आतला सांबार बागेतला, खोबरं दूरच्या किनाऱ्याचं, खसखस उत्तरेची, चारोळी गोंडवनातली.

हे झालं वाड्याचं ताट. महालापासून थोडं उत्तरेला, गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या बाजूला गेलं की दुसरं ताट सुरू होतं. हे विणकरांचं, हलबा कोष्ट्यांचं. तलम धोतरं आणि रेशीमकाठी लुगडी हा त्यांचा माल, आणि माग घरातच. मागावर बसायचा पुरुष, पण सूत उकलणं, खळ देणं, कांड्या भरणं हे बायकांचं आणि मुलांचं काम. विणकराच्या घरी बाई दिवसभर कामाला जुंपलेली असे. तासन्‌तास चुलीपुढे बसून वड्या थापायला तिला सवड कुठली? तिचं जेवण चुलीवर ठेवून विसरता येईल असं हवं. मसाला आधीच भाजून, पाट्यावर वाटून ठेवलेला. रस्सा मंद आचेवर शिजत राहणारा. मांस स्वस्तातलं, खूर आणि आतडीसुद्धा, ज्याला शिजायला वेळ लागतो आणि चव येते ती त्या वेळातूनच. मांस नसेल त्या दिवशी डाळकांदा, नाहीतर बेसनाची पाटवडी करून तिचा रस्सा. सोबत ज्वारीची भाकर. हाच तो सावजी स्वयंपाक. आज शहरभर पाट्यांवर झळकणारं हे नाव मुळात त्या समाजातलं आदराचं संबोधन आहे.

आणि तेल जवसाचं. हा मुद्दा मला जरा थांबून सांगायचा आहे. जुन्या नागपूरकडे जवसाचं तेल रोजच्या वापरातलं होतं. उग्र वासाचं, पिवळसर, नव्या माणसाला पहिल्या घासाला न झेपणारं. मध्यप्रांत हा हिंदुस्थानातला जवसाचा मोठा मुलूख होता. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि इथलं जवस मुंबईमार्गे युरोपात रंग-रोगणाच्या कारखान्यांसाठी जाऊ लागलं.

याच जवसाचं तेल जर्मनीतही विणकरांच्याच ताटात होतं. पूर्व जर्मनीत लाउझित्स नावाचा प्रदेश आहे, त्याला लागून पूर्वीचा सायलेशिया. हा सगळा तागाच्या तलम कापडाचा, लिननचा मुलूख. लिनन निघतं जवसाच्याच झाडापासून. आपल्याकडे ते बियांसाठी पेरतात, तिकडे मुख्यतः धाग्यासाठी. विणकरांची घरं आपल्यासारखीच, माग राहत्या खोलीत. धागा विणायचा, आणि उरलेल्या बियांचं तेल काढून उकडलेल्या बटाट्यावर घालायचं, सोबत आपल्या चक्क्यासारखं आंबट दही. हे जेवण तिथं आजही घरोघर होतं, आणि ते ‘आमचं जुनं, पारंपरिक’ म्हणूनच वाढतात. बटाटा मात्र जुना नाही. तो अमेरिकेतून आलेला. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ साली बटाटा लावण्याचा हुकूम काढावा लागला होता. आपली मिरची तरी कुठली? तीही अमेरिकेचीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेली. भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे आणि ती नागपूर जिल्ह्याची शान आहे, पण बख्त बुलंद शाहाच्या पणजोबांनी ती चाखली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या तोंडाला जाळ सुटत असेल तर तो मिऱ्याचा आणि पिंपळीचा.

जर्मनीतल्या त्या विणकरांचं पुढे काय झालं, ते प्रसिद्ध आहे. यंत्रांचं स्वस्त कापड आलं, मजुरी घसरली आणि जून १८४४ मध्ये सायलेशियात विणकरांचा उठाव झाला. सैन्यानं तो मोडून काढला. गेरहार्ट हाउप्टमान या नाटककारानं १८९२ मध्ये त्यावर ‘विणकर’ हे नाटक लिहिलं. त्यात एक उपाशी विणकर कुटुंब आपला पाळलेला कुत्रा शिजवून खातं. स्वयंपाकघराचा इतिहास इतका भेसूर असू शकतो.

नागपुरात उठाव झाला नाही. इथे जे घडलं ते सावकाश घडलं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं सूत विणकरांना सुरुवातीला सोयीचंही झालं असेल, पण जाडंभरडं कापड हातमागाच्या हातून गेलं. काठापदराचं कसबी काम तगून राहिलं. पुढे यंत्रमाग आले आणि तेही सुटत गेलं. मागाचा खटखटाट थांबलेल्या घरात एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे बाईच्या हातची चव. विसाव्या शतकात यातल्या कितीतरी घरांनी ओसरीवर दोन बाकडी टाकली आणि ताट विकायला सुरुवात केली. मागाच्या जागी पंगत आली. आज ज्याला आपण कौतुकानं ‘सावजीची परंपरा’ म्हणतो, ती भोजनालयाच्या रूपात एका बुडालेल्या धंद्यातून वर आलेली आहे. आणि ती वर आणली बहुतेक बायकांनी, ज्यांची नावं पाटीवर क्वचितच दिसतात.

आज सावजी म्हटलं की लोक घाम पुसत, नाक ओढत जेवायची तयारी करूनच जातात. वर तरंगणारी लाल तर्री जितकी जाड तितकं जेवण अस्सल, असा समज झाला आहे. मी ज्या कोष्टी घरांत जेवलो, तिथला रस्सा तिखट होता, पण जाळणारा नव्हता. त्यात लवंग, मिरे, दगडफूल, मोठी वेलची यांची चव एकामागून एक ओळखता येत होती. गिऱ्हाईक आलं तशी तिखटाची पैज लागली, असं माझं मत आहे. जवसाचं तेलही त्यातच गेलं.

वाड्याच्या ताटाचं नशीब वेगळं निघालं. वडाभाताला, गोळाभाताला कुणावर पोट भरण्याची वेळ आली नाही, म्हणून ते बरीच वर्षं बाजारात आले नाहीत. ते वहीत राहिले, लग्नकार्यात राहिले. आता महालातले वाडे पडताहेत, तिथे सदनिका उभ्या राहताहेत. मोठी पितळी पातेली मोडीत गेली. गोळाभात चार माणसांच्या कुकरमध्ये होतो, पण गोळ्याचा वरचा भाग पातेल्यात जसा कोरडा, खरपूस व्हायचा तसा होत नाही. वाड्यातल्या बायका मात्र पाककृती सांगायला कधी नाही म्हणत नाहीत. मागाल त्याला सांगतात, वर वाटीभर नमुना देतात.

हाच अनुभव गृहीत धरून मी पाचपावलीकडच्या एका बाईंकडे गेलो होतो. त्यांनी तीस वर्षं खाणावळ चालवली, आता गुडघ्यांमुळे बसून असतात. मी म्हटलं, ‘‘आजी, मसाला सांगा, लिहून ठेवतो. नाहीतर तुमच्यामागे जाईल सगळं.’’ त्यांनी चहा दिला, नातवाची चौकशी करू दिली, पण मसाला सांगितला नाही. म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमच्याकडची वही वही असते. आमची वही म्हणजे दुकान आहे. सुनेचं पोट त्याच्यावर आहे. तुम्ही लिहाल, कुणी वाचेल, उद्या त्याच्या पुड्या विकायला येतील, अन् आमच्या बाकड्यावर कोण बसेल?’’

सावजी मसाल्याच्या पुड्या बाजारात आहेत, हे मला ठाऊक होतं. इतिहास नोंदवायला हवा असं मी इतकी वर्षं सांगत आलो, पण त्या ओसरीवर मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. उठताना त्यांनीच थांबवलं आणि डाळकांदा सांगितला. हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवायची, कांदा डाळीच्या दुप्पट, तेलात तो काळपट लाल होईस्तोवर हलवत राहायचं, पाणी गरमच घालायचं, डाळ बोटानं दाबली तर फुटावी पण विरघळू नये. ‘‘अन् मसाला?’’ मी पुन्हा विचारलं. ‘‘मसाला घरचा,’’ त्या म्हणाल्या. मी वहीत तसंच लिहून घेतलं.